मोठ्यांना नाही म्हणायला शिकव

चि. सोनूस,
आशीर्वाद.

आज बागेच्या फाटकापाशी तुझी लेक एका परक्या माणसाचं बोट धरून निघाली होती. मी ओरडले, तसा तो पसार झाला. तिला दटावलं, तर म्हणाली, "अगं आजी, ते मोठे होते ना! मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, तूच शिकवलंस."

तिला नाही म्हणायला शिकव. हात झटकून ओरडायचा रोज सराव घे.

तूही आठ वर्षांची असताना शिकवणीला जायचं नाही म्हणून दार धरून बसली होतीस. मी थोबाडीत देऊन पाठवलं. का जायचं नव्हतं, हे कधी विचारलं नाही. आता विचारायची भीती वाटते. हे पत्र पाठवलं, तर तू उत्तर देशील.

तुझी आई