गवंड्याची सावली

४ मार्च, मंगळवार

मोतीबिंदू आहे माझ्या डाव्या डोळ्यात, आणि चूक झाली पानाच्या उजव्या कोपऱ्यात. तरी सगळ्यांचं एकच – आजींना दिसलं नसेल. न दिसायला काय झालं? ओली शाई फिसकटू नये म्हणून मी मनगटाखाली कोरा कागद धरते. फुली त्या कागदाखाली गेली. झाकलेलं कुणालाच दिसत नाही, विशीतल्या पोरीलाही नाही.

माझं काम सोपं आहे. सून कॉमिकची पानं काढते, आधी पेन्सिल, मग शाईच्या रेघा. जिथं काळं हवं तिथं बारीकशी फुली टाकते. मी ब्रश घेऊन ती जागा भरायची. मुलानं शिकवलं होतं – आई, फुली दिसली की भर, नाही दिसली की सोड, याला तिसरीच्या वर शिकावं लागत नाही. मी तिसरीपर्यंतच गेले. बरोब्बर जमलं.

या पुस्तकात दोन कंपन्यांचे वीर एकत्र आणलेत. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे. सगळे मेलेले, सगळे परत उठवलेले. एकतिसाव्या पानावर सात जण धुरातून चालत येतात. पाठीमागे सूर्य, पुढ्यात लांब सावल्या. सहा सावल्या मी भरल्या. सातवी तशीच पांढरी राहिली. आणि छपाईच्या घाईत एकालाही दिसलं नाही – त्या सगळ्यांना काय मोतीबिंदू झालाय का?

राहिली ती नेमकी गवंड्याची.

पुस्तक आज दुकानांत आलं. संपादकाचा फोन सुनेला – "काळं भरायला दुसरं माणूस बघा." सून म्हणाली, "ते मीच तसं ठेवलंय." धडधडीत खोटं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी ब्रश धूत होते, बघतच राहिले.

५ मार्च, बुधवार

गवंडी माझ्या मुलाचा. म्हणजे त्यानं निर्माण केलेला. पडणारे पूल, इमारती खांद्यावर तोलून धरतो. मळका सदरा, हाताला चुना. बाकीच्या वीरांसारखी चड्डी विजारीवरून घालत नाही. घरचं वळण आहे.

मुलगा कामाच्या टेबलावरच गेला. सहा वर्षं झाली. पुस्तक अर्धं होतं, ते सुनेनं पुरं केलं, आणि कंपनीनं गवंड्याला एका पुलाखाली मारून टाकलं. तेव्हापासून सून माझ्या मुलाच्याच हातानं काढते. त्याच्यासारखी जाड रेघ, त्याच्यासारखे बोटांचे सांधे. शेजारी शेजारी दोन पानं ठेवली तर मलाही सांगता येत नाही.

६ मार्च, गुरुवार

वाटलं होतं लोक हसतील. कोणीही हसलं नाही.

नात दुपारभर फोनवरून वाचून दाखवत होती. एकानं लिहिलंय, सावली नाही म्हणजे हा तो नव्हेच, कोणीतरी सोंग आणलंय. दुसऱ्यानं, सावली अजून पुलाखाली अडकलीय, तो तिला सोडवायला परत जाणार. एकानं पट्टी लावून सूर्याचा कोन मोजलाय. एक मुलगी म्हणते, तिनं ते पान पाहिलं आणि बसमधून दोन थांबे पुढे उतरली.

एका बिचाऱ्यानं लिहिलं, छपाईची चूक असेल. त्याला लोकांनी असा धुतला, असा धुतला की त्यानं शेवटी माफी मागितली. एकटाच खरं बोलत होता.

"आजी, किती जणांनी लिहिलंय माहितेय?" नात म्हणाली.

"नको सांगूस. एवढ्यांनी घरच्या गळक्या नळाकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं."

पण खरं सांगायचं तर मी उठून ते पान पुन्हा काढून बघितलं. बोटाएवढी जागा. तिच्यात एवढी माणसं मावली!

७ मार्च, शुक्रवार

दुकानात पुस्तक संपलं. पुन्हा छापताहेत. सावली न घालता छापताहेत.

९ मार्च, रविवार

आता नवीन. लोक उन्हात उभे राहून फोटो काढतात, सावली दिसणार नाही अशा बेतानं. भिंतीला चिकटून, झाडाखाली, एक जण तर चक्क मोटारीच्या टपावर. वरून लिहितात, गवंड्या, आम्ही थांबलोय.

नात हसत होती. मग हसायची थांबली. एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो होता, माझ्या वयाचा असेल. मोकळ्या अंगणात उभा. सावली पडलीय आणि शेजारी त्यानं खडूनं दुसरी काढलीय, जरा मोठी. "ही त्याला घ्या म्हणावं, माझी जुनी आहे." एवढंच लिहिलं होतं.

मी नातीला म्हटलं, फोन ठेव आणि भांडी घास.

११ मार्च, मंगळवार

संपादकाचा फोन. आवाजात साखर. "आजींना माझा नमस्कार सांगा." परवापर्यंत हाच मला काढून टाकणार होता. पुढचा भाग महिनाअखेरीला हवा. त्यानंतर बिनसावलीच्या गवंड्याची आणखी बारा पुस्तकं. सगळी सुनेनंच काढायची.

सून म्हणाली, "बघते."

फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आई, मला नाही काढायचीत."

तिच्या डोक्यात एक लिफ्टवाली आहे. लिफ्ट दुरुस्त करणारी बाई, अंगात कसलीही शक्ती नाही, पाना घेऊन हिंडते. दोन वर्षं ती कपाटात पडून आहे. मी म्हटलं, "काढ की मग तीही. कोण अडवतंय?"

"काढायला बसले की ती यांच्या हातानं उतरते. माझी रेघ कशी होती तेच आठवत नाही मला. गवंडी जिवंत असेपर्यंत ते सुटायचं नाही."

"आणि तू सोडलंस की माझ्या पोराची रेघ कुठं राहणार?"

जेवताना दोघींनी एकमेकींकडे पाणीसुद्धा नातीकरवी मागितलं.

१४ मार्च, शुक्रवार

सून बाहेर गेली होती, दार वाजलं. एक बाई, दणकट, तिशीची, पायात जाड बूट. पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. कंपनीत विचारून विचारून पत्ता काढलाय. बांधकामावर क्रेन चालवते म्हणाली.

"चित्र काढणाऱ्या बाई आहेत का?"

"नाहीत. मी त्यांची सासू. मी फक्त काळं भरते."

तिनं माझ्या बोटांकडे बघितलं. शाई कधी निघतच नाही नखातून. "म्हणजे सावली तुम्ही सोडलीत?"

"सोडली."

ती पायरीवर खाली बसली. एवढं मोठं माणूस असं एकदम बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मी चहा आणला. कप दोन्ही हातांत धरून ती बोलायला लागली.

"आजी, मी उंच बसते ना, खाली चेहरे दिसत नाहीत. टोप्या सगळ्यांच्या सारख्या. उन्हात सावलीवरून ओळखते मी एकेकाला. कोण लंगडतोय, कोण दमलाय. सावली नसलेलं माणूस वरून दिसलं तर मी भोंगाच वाजवीन."

"मग तू त्या सोंगवाल्यांपैकी? तो नव्हेच म्हणणारी?"

"नाही हो. तोच आहे. पण आलेला नाही." कप खाली ठेवला. "माझा भाऊ आमच्याच कामावर मातीखाली गेला. आईला सगळे रोज सांगायचे, सापडेल, येईल. तिनं आठवडाभर त्याचं ताट वाढलं. एकानं कोणी तोंडावर 'तो गेला' असं सांगितलं असतं तर ती जेवली तरी असती. हे पान बघितलं आणि वाटलं, कोणीतरी सांगितलं बाई एकदाचं."

मला सांगायचं होतं, अगं, मनगटाखालचा कागद होता तो. जिभेवर आलं होतं. पण तिच्यासमोर ते खोटं वाटलं असतं. मला आयुष्यात गप्प बसवणारी माणसं फार भेटलेली नाहीत.

जाताना म्हणाली, "पुढच्या भागात काय होणार?"

"मला विचारू नकोस. मी फुली बघते आणि भरते."

"मग नीट बघा," म्हणाली. आणि कप स्वतः विसळून ठेवून गेली.

१५ मार्च, शनिवार

सुनेला क्रेनवालीचं सांगितलं. ऐकून घेतलं, पेन्सिल खाली ठेवली नाही.

रात्री तिची जुनी वही बघितली, लग्नाआधीची. तिनंच काढून दिली. रेघ बारीक, जरा थरथरती, पण भराभर पळणारी. माझ्या मुलाच्या रेघेत वजन होतं, हिच्यात वारा आहे. सहा वर्षं ही बाई दुसऱ्याच्या जड बुटांत चालली आणि एकदाही लंगडली नाही. मी रोज तिच्या शेजारी बसत होते. मला वाटायचं, तो अजून थोडा आहे या घरात. तो नव्हता. ती होती सगळी.

१७ मार्च, सोमवार

शेवटचं पान सोडून बाकी सगळी भरून झाली. संपादकानं दोनदा विचारलं, शेवटी गवंडी काय करतो? सून म्हणते, पान झालं की कळेल.

मलाही सांगितलं नाही. टेबलावर वाकून बसलीय. खोडतेय, काढतेय. नात दारातून डोकावून विचारते, "तो राहतो ना?" मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

१८ मार्च, मंगळवार

पान आलं. गवंडी एका नुकत्याच बांधलेल्या भिंतीपुढे, पाठमोरा. फुली जमिनीवर नाही. फुली त्याच्यावर. सबंध तोच काळा करायचा – म्हणजे भिंतीवर सावली उरणार, माणूस नाही.

"नको वाटलं तर सोडा, आई," सून म्हणाली. "मी सांगेन मीच तसं ठेवलंय."

भरला. आधी हात, मग बाकीचा.

आता संपादकाचा फोन येईल. सुनेनं उचलायचा नाही, तिला लिफ्टवालीचं काम आहे. नातीनंही नाही. मला द्यायचा.