लविनियाच्या शालीचा रंग

आदरणीय प्रूडन्सताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, असाहेल व्हिटकमचा, आदरपूर्वक नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी घालू लागल्या का? मी ठीक आहे. शनिवारी घेवडा चुलीवर ठेवून विसरलो. भांडं गेलं, घर शाबूत आहे.

लविनियाच्या स्मरणार्थ चर्चला द्यायची रंगीत काचांची खिडकी ईस्टरला का बसली नाही, असं तुम्ही विचारलंत. दोष सगळा चित्रकार थॉर्नडाइकसाहेबांचा. हा गृहस्थ (घरची वकिली सोडून चित्रं काढायला लागला, ती कुणी घेईना) एकदा आजारी पडून होता. खिडकीतल्या मलमाच्या दुधी काचेच्या बरणीतून ऊन आलं आणि बरा झाल्यावर तो काचेच्याच मागे लागला. काचेवर रंग द्यायचा नाही, काच ओततानाच तिच्यात रंग घालायचा, आणि एवढ्याने भागलं नाही तर तिच्यामागे दुसरी काच, तिच्यामागे तिसरी. मी बोस्टनला त्याच्या कारखान्यात गेलो तेव्हा चित्रातल्या लविनियाच्या मागचं आभाळ टेबलावर पडलं होतं, भांडी घासल्यावर उरलेल्या पाण्यासारखं. मला वाटलं, फसलो. मग त्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि मला खाली बसावं लागलं. (खुर्ची नव्हती. काचेच्या पेटीवर बसलो. विजार फाटली.)

मग तो म्हणाला, "व्हिटकम, चेहरा फोटोवरून करतो, पण शालीचा रंग बाईंच्या डोळ्यांवरून घेणार. डोळे कोणत्या रंगाचे होते?" (फोटोत सगळंच तपकिरी. शेजारी मी उभा आहे, तोही तपकिरी.) आता नवऱ्याला हे माहीत नसेल का? मी लगेच उत्तर दिलं. तरी तो एकेक काच धरत गेला, राखी, निळी, हिरवट, आणि प्रत्येक वेळी मला वाटे, हीच. अकराव्या काचेलाही हो म्हटल्यावर साहेबांनी टोपी घातली आणि ते जेवायला निघून गेले. कलावंत लोक, काय बोलायचं.

गावी येऊन, केवळ खात्री म्हणून, मी सहज चौकशी केली. शेजारच्या पीबडीबाई म्हणाल्या, बदामी. पाद्रीबाबा म्हणाले, ती प्रार्थनेत मान खाली घालून असे. डॉक्टर म्हणाले, "मी जीभ बघितली, डोळे कशाला बघू?" ताई, तीस वर्षं माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाची बाही बघून न विचारता त्याच रंगाचं रीळ काढून देतो. आम्हाला मूल असतं तर त्याच्या डोळ्यांत बघून घेतलं असतं. असो. गुडघ्याला ऊब द्या.

तुमचा,
असाहेल

ता. क. लगेच उत्तर दिलं असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मला आठवत नाही. सोमवारी शालीची काच कापणार आहेत, तेव्हा रंग तेवढा उलटटपाली कळवा. रागवायचं असेल तर वेगळ्या कागदावर रागवा, रंगाचा कागद साहेबांना दाखवायचा आहे.

आणखी एक. रोज संध्याकाळी मी दुकानाची वही घेऊन बसलो की ती म्हणायची, "असाहेल, जरा वर बघ ना." मी म्हणायचो, "ऐकतोय गं." आणि मी खरंच ऐकत होतो, ताई. तिचं एकेक वाक्य अजून सांगता येईल मला.