होडीतली उशी

प्रिय कर्ण्या,

हे पत्र तू स्वतः वाचू नकोस. चष्मा काढून ठेव, पलंगावर आडवा हो आणि कागद वहिनीच्या हातात दे. (ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे, तरी मी तिला वहिनीच म्हणणार, त्यावर आता वाद नको.) माझं अक्षर तुला लागत नाही आणि तिला लागतं, म्हणून म्हणते. तिला घाई करू नकोस. एखादा शब्द अडला तर अडू दे. दुपार आहे, तुला कुठे जायचं नाही, आणि मलाही नाही. आज आमचा पडद्यांचा कारखाना बंद आहे. मी मागच्या खोलीत खिडकीशी पाय वर घेऊन बसले आहे. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर वाळत घातली आहे, ती वाऱ्यानं हळूहळू फुगते आणि परत हळूहळू खाली बसते, ते बघत बघत लिहिते आहे.

वहिनीचा फोन आला होता. सहा आठवडे तुला धड झोप नाही, हे तिनं सांगितलं. त्या रविवारी चर्चमध्ये संदेश अर्ध्यावर टाकून तू व्यासपीठावरून खाली उतरलास आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर निघून गेलास, हेही सांगितलं. टेबलाच्या खणात राजीनामा लिहून ठेवला आहेस आणि येत्या रविवारी तो मंडळीच्या वडीलजनांच्या हाती देणार आहेस, हेही. तिच्यावर रागावू नकोस, तिनं चहाडी केली नाही, ती घाबरली आहे. तू म्हणतोस म्हणे, की देवानं मला बोलावलंच नव्हतं, मला मोठा आवाज मिळाला आणि त्यालाच मी पाचारण समजलो. यावर मी काही बोलणार नाही. उपदेश हे तुझं काम, मी आपलं इकडचं तिकडचं लिहिते.

तुझा आवाज मोठा होता हे मात्र खरं. तू जन्मलास त्या दिवशी वरच्या मजल्यावरचे घरमालक जिना उतरून विचारायला आले होते, सगळं ठीक आहे ना. बाबांनी तेव्हाच तुला कर्णा म्हणायला सुरुवात केली. नऊ वर्षांचा असताना तू उपासनेत पहिल्यांदा शास्त्रपाठ वाचलास, तेव्हा मागच्या बाकावरचे दोघं चौघं ताठ होऊन बसले आणि पाळकसाहेब आईला म्हणाले, हा मुलगा झोपलेल्यांना उठवणार. आई घरी येईपर्यंत रडत होती, आनंदानं. मी तिच्या शेजारून चालत होते आणि माझ्यासाठी असं वाक्य कोण म्हणेल, कधी म्हणेल, याचा विचार करत होते. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. त्यानंतर चाळीस वर्षं तोच विचार करत होते म्हटलं तरी चालेल.

कारण माझं नाव तू ठेवलंस. तुला गोवर आला होता, आठवतं? आई कामावर जायची आणि मी तुझ्याजवळ बसायची. खिडकीला आईची जुनी हिरवी चादर लावली होती, त्यामुळे खोलीत सगळंच हिरवं दिसायचं, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं. मी तुला शास्त्रातली सिंहांच्या गुहेची गोष्ट सांगायची. राजा, राजाचा हुकूम, उघडी खिडकी, प्रार्थना, मग गुहेच्या तोंडाशी दगड, आणि दगड सरकायच्या आत तू झोपलेला असायचास. आठ दिवस रोज तीच गोष्ट आणि रोज तिथेच. बरा झाल्यावर तू सगळ्यांना सांगत सुटलास, ताई बोलली की जांभई येते. पुढे तू मला जांभईच म्हणायला लागलास, आणि मी हसून ओ द्यायला लागले.

रविवारच्या शाळेत मी दोन वर्षं शिकवलं. पोरं बिचारी एकमेकांच्या खांद्यावर माना टाकायची. गायनमंडळात तीन महिने होते, तिथून मला फार प्रेमानं खुर्च्या लावायच्या कामाला पाठवलं. मग आमच्या पाळकांनी शास्त्रपाठाच्या यादीत माझं नाव घातलं, आणि तो रविवार तर तुला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. लांबलचक अध्याय होता. मी वाचून संपवलं, मान वर केली, तर सगळं चर्च शांत, उन्हाचे पट्टे बाकांवर पडलेले, आणि बाजाच्या पेटीवर गाल टेकून आमचे वादक झोपलेले. पुढचं गीत सुरूच होईना. शेवटी पाळकांनीच खोकून त्यांना उठवलं.

त्याच वर्षी तू आमच्या मंडळीत तीन दिवसांच्या शिबिरासाठी आलास. आपलं कृपादान ओळखा, असं त्याचं नाव होतं. तुला बघायला मी पहिल्या रांगेत बसले होते, नवी साडी नेसून. तू सगळ्यांना तो कागद वाटलास, ऐंशी वाक्यांचा, प्रत्येकापुढे शून्य ते तीन गुण लिहायचे आणि शेवटी बेरीज करायची. शिकवण्याचं दान, बोध करण्याचं, कारभार पाहण्याचं, आदरातिथ्याचं, सगळ्यांचे रकाने होते. माझी बेरीज सगळीकडे सारखीच आली आणि सगळीकडे कमी. मी तीनदा मोजलं. शेजारच्या बाईंनी वाकून पाहिलं आणि कागद हळूच उलटा करून ठेवला. आणि मग दुसऱ्या दिवशी, प्रत्येकाला सगळंच जमत नाही हे सांगताना, तू माझ्या शास्त्रपाठाची गोष्ट सांगितलीस. वादकांची नक्कलसुद्धा केलीस. तू सांगतोस फार छान. सगळे हसले, मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मला लागलं होतं, कर्ण्या. खूप लागलं होतं. हे तेरा वर्षं तुला सांगितलं नाही, आज सांगते. घरी जाऊन मी यादीतून माझं नाव काढायला सांगितलं आणि त्यानंतर कोणासमोर मोठ्यानं एक ओळसुद्धा वाचली नाही. प्रार्थनासभेत माझी पाळी आली की मी घसा बसल्याचं सांगायची. लोकांना वाटायचं मला सर्दीचा विकार आहे. देवाला मी एवढंच म्हणायची, की तू सगळ्यांना काहीतरी वाटलंस आणि माझ्यापाशी येईपर्यंत टोपली रिकामी झाली, तर तसं सांग, मी समजून घेईन. आणि पडदे शिवत राहायची. पडद्यांचं बरं असतं, ते सरळ पडले की झालं.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. टेकडीजवळच्या वृद्धाश्रमातून सव्वीस खिडक्यांचं काम आलं. मापं घ्यायला मीच गेले. दुपार होती, लांब व्हरांडा होता, आणि एकेका खोलीत जाऊन मी टेप लावायची, उंची, रुंदी, दांडी किती वर, खाली दुमड किती. अकराव्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसलेले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू कोणीतरी हाक मारणार आहे. रेल्वेत सिग्नल सांभाळायचे म्हणे, अडतीस वर्षं. तिथे सगळे त्यांना सिग्नलवालेच म्हणायचे. त्यांनी विचारलं, पडदा जाड असेल का? मी म्हटलं, अस्तर लावणार आहोत, उजेड येणार नाही. ते म्हणाले, बाई, उजेडाचं काही नाही हो, मला झोपच येत नाही, डोळा लागला की वाटतं गाडी येतेय आणि सिग्नलचा दांडा खाली नाही. चार दिवस झाले होते त्यांना. गोळ्या चालत नव्हत्या, हृदयाचं दुखणं होतं. मग उशाशी ठेवलेलं शास्त्र माझ्यापुढे धरून म्हणाले, डोळे गेले आता, दोन ओळी वाचता?

मी घसा बसल्याचं सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते गृहस्थ इतके ताठ बसले होते, की माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी म्हटलं, मी वाचते, पण माझ्या वाचण्याला लोक झोपतात, मग मला नावं ठेवू नका. ते हसले. मी टेप गळ्यात तसाच ठेवून स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. अकरा वर्षांनी. पहिली काही वाक्यं माझा आवाज मलाच परका वाटला. मग तो सापडला, खालचा, सपाट, आपल्या हिरव्या खोलीतला. वाचता वाचता दिसलं, त्यांचे हात गुडघ्यांवरून सुटले. मग खांदे. मग ते कुशीवर वळले आणि घोरायला लागले. मी थांबले नाही, पान संपेपर्यंत वाचलं, आणि मान वर केली तर दारात मोठ्या नर्सबाई उभ्या. मला बाहेर बोलावून माझी पिशवी उघडायला लावली त्यांनी. काय दिलंत त्यांना, म्हणून विचारलं. पिशवीत खडू, टाचण्या आणि सव्वीस खिडक्यांची मापं.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दुपारी मी तिथे जाते. पडदे केव्हाच लागले. मी जाते आणि ज्यांना झोप नाही त्यांच्या खोलीत बसते. कोणाला शास्त्र, कोणाला वर्तमानपत्र, एका आजींना त्यांच्या शिलाई मशीनचं माहितीपुस्तक, ते त्यांना सगळ्यात आवडतं. कोणी मला जांभई म्हणत नाही, पण म्हटलं तर मला आवडेल. सिग्नलवाल्यांकडे मी शेवटी जायची, म्हणजे उठायची घाई नाही. एकदा प्रभू वादळात होडीत झोपला होता तो भाग वाचला, तर ते डोळे मिटूनच म्हणाले, सगळे वादळाचं बोलतात बाई, वारा कसा थांबला आणि लाटा कशा थांबल्या. पण तिथे उशी होती असं लिहिलंय ना? मग ती होडीत आणली कोणी? मासे धरायच्या होडीत उशी कशाला असते? कोणीतरी बघितलं असेल, हा माणूस दिवसभर बोलून दमतो, आणि घरून घेऊन आला असेल. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. एवढं बोलून ते झोपले.

मी घरी चालत आले. बस होती, पण चालत आले. रस्ता तोच होता, केशकर्तनालय, औषधाचं दुकान, शाळेची भिंत, आणि मला सगळं जरासं जमिनीवरून वर उचलल्यासारखं दिसत होतं. तुझ्या त्या कागदावर ऐंशी वाक्यं होती, त्यात उशी आणणाऱ्याचं वाक्य नव्हतं. तुझा त्यात दोष नाही. तू उठवणारा आहेस, तुला ते कसं सुचणार. पण माझ्यापाशी टोपली रिकामी नव्हती आली रे. मी चुकीच्या खोलीत उभी राहून वाचत होते, एवढंच.

सिग्नलवाले या वसंतात गेले. दुपारच्या वेळी, मी वाचत असताना. नेमकं कुठल्या ओळीला ते मला सांगता येणार नाही, कारण मी नंतरही दीड पान वाचत होते. नर्सबाईंनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. सिग्नलवाल्यांचा चेहरा असा होता, की दांडा खाली केलेला आहे आणि गाडी नीट निघून गेली आहे. त्या दिवशी तुझ्यावरचा माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. शोधला, सापडला नाही.

वहिनी, आता हे तुझ्यासाठी. आवाज आणखी खाली आण, पण एकदम थांबू नकोस, एकदम थांबलं की माणूस जागा होतो. अक्षराचं मी खोटं सांगितलं, माझं अक्षर त्याला चांगलं लागतं. आवाज पाकिटात घालता येत नाही, म्हणून वाक्यं पाठवली. हे पत्र मी चार वेळा मोठ्यानं वाचून पाहिलं आणि जिथे मला स्वतःला जांभई आली नाही, त्या ओळी काढून टाकल्या. आता त्याच्याकडे बघ. जागा असेल तर पुन्हा पहिल्यापासून वाच, सावकाश. झोपला असेल तर चष्मा उचलून ठेव, तो कुशीवर वळला की मोडतो. राजीनाम्याचं काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू दे, फक्त झोप झाल्यावर ठरवू दे. तू फोनवर दिलेल्या मापाचा पडदा तयार आहे, दुहेरी अस्तराचा, हिरवा. तो घेऊन मी गुरुवारी दुपारच्या गाडीनं येते, आणि लागतील तेवढे दिवस राहते. तो उठला आणि पत्रात पुढे काय होतं म्हणून विचारायला लागला, तर काही सांगू नकोस. म्हणावं, गुहेतल्या सिंहांचं काय झालं ते ताई आली की सांगेल.

तुझीच,
जांभई