बिनदोऱ्याचं मशीन

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि पाठोपाठ तक्रार. पाकिटावर ‘ढब्बू’ असं लिहून, पन्नाशी उलटलेल्या, संस्कृत शिकवता शिकवता केस पिकलेल्या माणसाच्या प्रतिष्ठेचा तू समूळ उच्छेद केला आहेस. पोस्टमन आता फाटकातूनच त्या नावाने हाक मारतो. समोरच्या बिऱ्हाडात माझे दोन विद्यार्थी राहतात. पुढचं तूच समज.

तुझ्या भावजयीचं विचारलंस. ताप उतरलाय, जेवण चिमणीएवढं. तिचं मन रमावं म्हणून मी रोज उशाशी बसून श्लोक म्हणायचो, अन्वयार्थासह. तीही माझ्या तोंडाकडे टक लावून असायची. मग एक दिवस म्हणाली, “अहो, ते राहू द्या. माझं मशीन चालवा.”

“मला कुठे टीप मारता येते?”

“दोरा घालूच नका. नुसते पाय मारा.”

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई. मशीन पलंगाला टेकवलं आणि तुझे पंडित बंधुराज हवेला टीप मारू लागले. तिचा लगेच डोळा लागायचा. ओळखीच्या आवाजाने बरं वाटत असेल, असं मी समजत होतो.

काल तेल द्यायला मशीन खिडकीपाशी ओढलं आणि तिथेच चालवत बसलो. खडखडाट असा, की खालच्यांनी भांडायला यावं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, “आज मशीन नाही का हो?”

मला वाटलं, थट्टा. जोरात पाय मारले. हाक मारली. मग ओरडलो. ताई, ती हललीसुद्धा नाही. खांद्याला हात लावला तशी दचकली. “इथेच होतात?”

मी समोर बसलो. ओठांवरून तिला थोडंफार कळतं, हे तेव्हा समजलं.

“नव्या इंजेक्शनांनी कान गेले,” ती म्हणाली. “तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. कान जातील, जीव कदाचित वाचेल. मी म्हटलं, द्या. मशीन पलंगाला लागलं की हादरा कळतो. तुम्ही जवळ आहात, एवढं कळतं. मग झोप येते.”

“आणि माझे श्लोक?”

“तोंड छान हलत होतं तुमचं.”

हसली गं ती! मला हसता आलं नाही. कालपासून सुन्न आहे. एका खोलीत राहून मला पत्ता नाही!

मशीन परत पलंगाशी आणलंय. त्याच्याच फळीवर कागद ठेवून, पाय मारत लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आहे ते त्यामुळे. ती झोपली आहे.

डॉक्टरांनी तिला ‘कदाचित’ म्हटलं. म्हणजे किती, हे विचारायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. ताई, ती जाईल अशी मला भीती वाटते. तू ये.

तुझा,
भ्यालेला धाकटा