नाव घ्यायची जागा

१३ ऑगस्ट ९८, गुरुवार

सगळ्यात आधी आली ती शेजारची शेवंता, पावणं यायच्या बी आधी. म्हणं साखर हाय का. साखर कसली, बघायला आल्ती. मग रिक्षा थांबली. माझी सई, थोरल्याची पोरगी, मुंबैस्नं. संगं मैत्रीण रोशन, पारशाची, आल्या आल्या पायाच पडली. सईच्या पाठीला हे एवढं खोकं. शेवंता म्हणती, "व्हायोलिन व्हय?" सई म्हणाली, व्हायोला, त्याच्यापेक्षा थोरलं. आवाज घोगरा, सर्दी झालेल्या बाईगत. पण गोड हाय हां. रोशनला खर्डा वाढला. डोळ्यांतनं पाणी, तरी "अजून दे नी आजी."

१४ ऑगस्ट, शुक्रवार

पुरण शिजत घातलं तवर पोरींनी ह्यांची बाजाची पेटी काढली. हे गेल्यापासनं मी नुसती पुसती. रोशननं भाता हलवला नि मी चूल सोडून दाराशी आले. बाकीच्या समद्या वाद्यांचं काम ती एकटी पेटीवर करती, सई व्हायोला. झ्याक चाललेलं, मधीच रोशननं हात उचलले. समदं गप. सई उभीच. मग कागद बघून वाजवाय लागली, निम्म्यात थांबली.

"हे माझं नाही आजी. दुसऱ्या कुणाचं छापलेलं."

तिनं सांगितलं ते असं. दोनशे वर्षांमागं कुणी परदेशी माणसानं हे रचलं नि एक जागा मोकळीच सोडली. कडेंझा म्हणत्यात. तिथं बाकीच्यांनी गप बसायचं, व्हायोलावाल्यानं आपल्या मनचं वाजवायचं. शेवटाला एक सूर थरथरवला की समद्यांनी परत उचलायचं. सप्टेंबरात कार्यक्रम. सर म्हणत्यात, स्वतःचं कर. हिला धीर न्हाय.

"सगळे ऐकत असतात गं आजी, नुसतं मलाच."

म्हणलं, मग उखाणाच की हा! बायका गप, नवी नवरी एकटी, नि नाव आलं की समद्या हसत्यात.

सांजचं हळदीकुंकू आमच्याकडंच, कुंकू लावाय शेवंता. शेवंतानं दर वर्षीचाच उखाणा घेतला. रोशनला लई मजा. म्हणली, "आता आजी, तू घे नी!"

शेवंता म्हणती, "अगं येडे, त्यास्नी न्हाय विचारायचं. मालक न्हाईत त्यांचं."

पोरगी लाल झाली. तरी म्हणलीच, "पण नाव तर आहे नी अजून?"

मी पुरण बघाय आत गेले. पुरण कवाच झाल्तं. राग न्हाय आला. उलट... किती वर्षांनी कुणी विचारलं मला.

१५ ऑगस्ट, शनिवार

चा पिता पिता सई म्हणाली, "तुझा उखाणा स्वतःचा होता?" व्हय की. नणंदेनं चांदीच्या ताटाचा पाठ करून दिल्ता. लग्नानंतरच्या पैल्या हळदीकुंकवाला निम्म्यात अडले. आतल्या खोलीत हे पेटी वाजवत बसल्ते, त्यावरच जुळवून मनचा घेतला. नाव आलं नि आत पेटी बंद! मग ह्यांचं हसणं. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

"म्हण ना आजी."

ओठावर आल्तं. न्हाय निघालं. म्हणलं, तू तुझं कर, मग मी माझं घेते.

"आधी तू."

"न्हाय, आधी तू."

रोशन म्हणली, दोघी लबाड.

१६ ऑगस्ट, रविवार

गेल्या. भडंग दिलं बांधून. शेवंता लगोलग हजर, "करमंना न्हवं?" म्हणलं, तू असल्यावर न करमाय काय झालं.

पेटी झाकायची ऱ्हायली. ऱ्हाऊ दे.

२३ ऑगस्ट, रविवार

शेवंताकडं सईचा फोन. निम्मं झालंय म्हणती. शेवट सापडंना. "नाहीच जमलं तर छापलेलंच वाजवीन आजी." म्हणलं, ते तिथं वाजीव बाई, लाज न्हाय त्यात. पर हितं मला तुझंच ऐकायचंय, मोडकंतोडकं असंना. मग म्हणाली, "आणि तुझं?"

घरी येऊन दार लोटलं नि पेटीम्होरं बसले. "भाता वरखाली, सूर लागला काळी पाच..." उखाणा हितवर आला. फुडं नाव हाय. तिथं थांबले. एकटीला घेऊन काय करू, ऐकाय कोण तरी पायजे की.

दोघी येणार दसऱ्यानंतरच्या रविवारी. व्हायोला घिऊन.