केरबाआण्णांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स

प्रिय बाळाक्कास,

हाफिजाचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही घे. गुडघे कसे हाईत? गगनबावड्याच्या पावसात कपडे वाळत न्हाईत म्हणतेस, इथं माझं तोंड वाळलंय. फोनवर बोलायला गेले की रडू येतं, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो धाडतेय.

नर्सची नोकरी संपल्यावर घरात स्वस्थ बसायचं सोडून मी फिरत्या दवाखान्यात नव्या पोरापोरींना शिकवायला गेले, ठाऊकच हाय तुला. रस्त्यावर राहणाऱ्यांच्या जखमा धुवायच्या, बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या. (पोरं गुणी हाईत, पण गुडघ्याला पट्टी बांधतात ती फेट्यासारखी.) पहिल्याच दिवशी मी भाषण ठोकलं, "औषध नंतर, आधी माणसाला मान द्या." हेच मला नडलं.

स्टँडमागं राहणारे केरबाआण्णा आमचे पहिले पेशंट. साखरेमुळं पायाला जखम झालेली, पोरांनी रोज पट्टी करून ती भरत आणली. त्यातला राजवीर आनंदानं येडाच झाला. आता आण्णांना मान द्यायचा! कोल्हापुरात मान कसा देतात, हे तुला सांगायला पाहिजे काय? इथं म्हशीच्या वाढदिवसालाबी फ्लेक्स लागतो. पठ्ठ्यानं भर चौकात लावला की: 'पायाची जखम भरत आल्याबद्दल आमचे बेघर मित्र केरबाआण्णा यांचे हार्दिक अभिनंदन!' मधी आण्णांचा हसरा फोटो, कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून मी, कानाला फोन लावून. (खरं सांगू? बघून आधी बरंच वाटलं. फोटो छान आलाय. लिहितानाबी लाज वाटते.)

आण्णा मात्र फ्लेक्स बघून मटकन खाली बसले. लेक गगनबावड्याला दिलीया, आणि तिच्या सासरी सांगितलंय की बाप अपार्टमेंटवर वॉचमन हाय. आम्ही तासाभरात फ्लेक्स उतरवला, पण गगनबावड्याच्याच कुणीतरी फोटो काढून तिकडं गावभर धाडला. राजवीर धड जेवत न्हाय. त्याला ओरडू तरी कुठल्या तोंडानं? पेशंटचं नाव बाहेर काढायचं नसतं, हे मीच शिकवायचं विसरले. आता आण्णा पायाला हात लावू देत न्हाईत. "आधी माझ्या लेकीचं बघा, मग पायाचं." जखमेला परत वास येतोय, अक्का. फार वाईट वाटतं गं.

तुझी,
हाफिजा

ता. क. ती लेक तुझ्याच गल्लीत राहते. तिला जाऊन सांग, फ्लेक्सवरचा माणूस दुसराच कुणीतरी हाय. (खोटं बोलले की तू माझे कान उपटायचीस, तरी सांग. आणि माझं नाव घेऊ नकोस, मीबी फ्लेक्सवर हाय.)

पुन्हा ता. क. पत्र फाडणार होते, पण एवढं लिहिलंय तर धाडतेच. तिच्याकडं जाऊ नकोस. आत्ताच आण्णांच्या फोनवर तिचा फोन येऊन गेला, स्पीकरवर आम्हीबी ऐकला. "बाबा, ड्युटीवर जाताना पायाला पाणी लागू देऊ नका, पट्टी रोज करून घ्या," म्हणाली. पायाचं त्यांनी तिला कधी सांगितलंच नव्हतं. फोन ठेवून आण्णांनी गपगुमान पाय पुढं केला. राजवीर पट्टी करतोय. लेकीनं फ्लेक्स बघितलाय, हे आण्णांच्या ध्यानात आलंय का न्हाय, ते विचारायचं आमच्यापैकी कुणाचंच धाडस होईना.