आनंदीजवळ बसलेली बाई

३ डिसेंबर
पोचलो एकदाचे पुण्यात. पुसदहून तेरा तासांचा प्रवास, तरी आनंदी ताजीतवानी. कर्वेनगरात दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून टेकडी दिसते. घरमालक रावसाहेबांनी किल्ली देतानाच सांगितलं, की पाणी सकाळी सहा ते आठ, नंतर नळ सोडलात तर फक्त आवाज येईल. भाजीवालीकडे सांबार मागितला, तर तिनं समोरचं हॉटेल दाखवलं! इथं कोथिंबीर म्हणावं लागतं. आनंदी पोट धरून हसली. कॅन्सरचं निदान झाल्यापासून तिचं हसू ऐकलंच नव्हतं. म्हणाली, नवीन लग्न झाल्यासारखं वाटतंय.

६ डिसेंबर
पहिली केमो. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना बसू देत नाहीत आणि आमच्यासोबत बाईमाणूस कुणी नाही. दारात घुटमळत होतो, तर मोतिया साडीतल्या एक बाई पुढं आल्या. पन्नाशीच्या असतील. नाव गोदाबाई. म्हणाल्या, "तुम्ही चहा घेऊन या. मी बसते." मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि खरोखरच चहाला गेलो. चार तास त्या आनंदीचा हात धरून बसल्या होत्या म्हणे. आभार मानायला शोधलं, तोवर निघून गेल्या होत्या. देवमाणूस.

१२ डिसेंबर
आनंदीचं तोंड आलंय. मऊ भातसुद्धा गिळवत नाही. दुपारी भिंतीला चिकटून झोपते, अर्धा पलंग मोकळा ठेवून. विचारलं, तर म्हणाली, ताईंना बसायला जागा नको का?
औषधांची गुंगी असेल.

१५ डिसेंबर, दुपार
सकाळी अकराला तिला हुडहुडी भरली. ताप एकशे दोन. डॉक्टरांनी बजावलं होतं, केमोनंतर ताप शंभरावर गेला तर तासभरही थांबायचं नाही. मिळेल ती रिक्षा केली. तातडीच्या विभागात तिला स्ट्रेचरवरून आत नेलं आणि रक्षकानं मला अडवलं. एकालाच परवानगी, आणि तुमच्या बाई गेल्यात आत, म्हणाला. मी म्हटलं, आमच्यासोबत कुणी बाई नाही. तो म्हणाला, "मग पेशंटचा हात धरून गेल्या त्या कोण? माझ्या आत्या?"
रिक्षात आम्ही दोघंच होतो.

१५ डिसेंबर, चार वाजता
भांडून आत गेलो. खाटेजवळचं स्टूल रिकामं. आनंदी त्याच्याकडं बघून मान डोलावत होती. पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्या नाहीत. सलाइनमधून अँटिबायोटिक चालू आहे.
सफाईच्या रतनमावशींना गोदाबाईंबद्दल विचारलं. त्यांचे हात थांबले. तीन वर्षांपूर्वी गोदाबाई धाकट्या बहिणीला घेऊन आल्या होत्या. अशाच तापात बहीण गेली, गोदाबाई चहाला खाली गेल्या तेव्हा. परतल्या, रिकामी खाट पाहिली, स्टुलावर टेकल्या आणि बसल्या जागीच संपल्या. तेव्हापासून कुणाला एकटं बघवत नाही त्यांना.
मी विचारलं, त्या बसल्या की पेशंट बरे होतात का?
मावशी म्हणाल्या, "एकटे जात नाहीत, एवढंच." मग हळूच म्हणाल्या, "दादा, तुम्ही उठू नका तिथून."

१६ डिसेंबर, सकाळ
तिला वेगळ्या खोलीत हलवलं. नर्सनं मला राहू दिलं. पाणी प्यायलाही उठलो नाही. रक्तदाब उतरतोय. आनंदी माझ्याकडं बघत नाही — तोंड पलीकडं, भिंतीकडं.
म्हणते, "आले हं, ताई."

दुपार
तिचा डावा हात माझ्या हातात. उजवा अधांतरी — बोटं वळलेली — कुणी धरलाय तसा.
मोठ्यानं म्हणालो, गोदाबाई, मी आहे इथं. ती एकटी नाही. सोडा तिला.
मोतिया पदर — खाटेच्या कडेवर — की चादरच —

एका हातानं लिहितोय. थांबलो तर किंचाळेन.
उजवा हात धपकन खाली पडला.
सोडला त्यांनी?
नर्सला हाक मारली. येतेय. आनंदीला दरदरून घाम फुटलाय — हात गार होतोय — ताप उतरला — ताप उतरलाय ना, आनंदी? — नाडी बघतोय, नीट काही लाग—